रशेस कुणाचे? बेलफास्ट आणि डेरीतला एक आठवडा

सोमवार : डब्लिन ते बेलफास्ट

भारतीय पासपोर्टवर डब्लिनमार्गे बेलफास्टला जायचं तर आधी व्हिसाचं गणित सोडवावं लागतं. डब्लिन आयर्लंड प्रजासत्ताकात, बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये. मध्ये सीमा आहे, पण तपासनाका नाही. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. त्या योजनेचा शिक्का असलेल्या एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. अट एवढीच, की ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. आम्ही आयर्लंडचा घेतला. नाका नाही म्हणजे कागदच लागत नाहीत, अशा भ्रमात मात्र राहू नका.

आम्ही म्हणजे मी आणि दादा. मी माहितीपटांचं एडिटिंग करते. दादांनी आयुष्यभर बातम्यांसाठी कॅमेरा चालवला, दंगली आणि संचारबंदी त्यांना पाठ आहेत. उत्तर आयर्लंडच का, असं घरच्यांनी दोघांनाही विचारलं. उत्तर सोपं होतं. १९६८ ते १९९८ अशी तीस वर्षं इथे संघर्ष चालला, साडेतीन हजारांहून अधिक माणसं गेली, आणि त्यातलं बरंच काही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर घडलं. एका बाजूला बहुतांश कॅथलिक राष्ट्रवादी, ज्यांना एकसंध आयर्लंड हवा होता. दुसऱ्या बाजूला बहुतांश प्रोटेस्टंट युनियनिस्ट, ज्यांना ब्रिटनसोबतच राहायचं होतं. दोन्हीकडे सशस्त्र गट, राष्ट्रवाद्यांकडे आयआरएसारखे ‘रिपब्लिकन’, युनियनिस्टांकडे यूडीए, यूव्हीएफसारखे ‘लॉयलिस्ट’, आणि मध्ये ब्रिटिश लष्कर. ‘मध्ये’ हा लष्कराचा दावा. डेरीतल्या माणसांना विचारलं तर ते हसतील.

राजकीय संघर्षावर फिल्म करणाऱ्यांच्या दोन पिढ्या या भूमीवर तयार झाल्या. त्यांच्या फिल्म्स मी पाहिल्या होत्या. मला कुतूहल होतं ते त्यांच्या रशेसचं. तासाभराच्या फिल्ममागे चाळीस-पन्नास तासांचं कच्चं फुटेज असतं. फिल्म लागते, चर्चा होते, विसरली जाते. ते फुटेज कुठे जातं, आणि ते मागायला कोण येतं?

डब्लिनहून रेल्वेने दोन तासांत बेलफास्ट. सीमा कधी गेली ते कळलंही नाही. संध्याकाळी ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर युरोपा हॉटेल बाहेरून पाहिलं. १९७१ मध्ये उघडलेलं हे हॉटेल तीसहून अधिक वेळा बॉम्बस्फोटांत सापडलं. जगभरचे बातमीदार इथेच उतरायचे. दादा वर खिडक्यांकडे बघत म्हणाले, “बार चालू असेल ना? मग बातमी इथेच बसून मिळत असणार.” त्यांना अनुभव आहे.

मंगळवार : फॉल्स, शँकिल आणि मिलटाउन

सकाळी पायी फेरी घेतली. हिची रचना फार चांगली आहे. फॉल्स रोडची कॅथलिक बाजू एक माजी रिपब्लिकन कैदी दाखवतो. दोन वस्त्यांमधल्या भिंतीपाशी तो थांबतो, तुम्हाला पुढच्या माणसाच्या स्वाधीन करतो, आणि शँकिल रोडची प्रोटेस्टंट बाजू एक माजी लॉयलिस्ट कैदी दाखवतो. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. बोलणं काही झालं नाही.

पहिल्याने आम्हाला बॉबी सँड्सचं भित्तिचित्र दाखवलं. आयआरएचा हा कैदी तुरुंगात उपोषणाला बसलेला असतानाच एप्रिल १९८१ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि उपोषणाच्या ६६व्या दिवशी, ५ मे रोजी, वारला. मग बॉम्बे स्ट्रीट. हे नाव वाचून आम्ही दोघंही थबकलो. ऑगस्ट १९६९ मध्ये ही गल्ली जाळली गेली. आता घरं नवी आहेत, पण त्यांच्या परसदारीच ती भिंत उभी आहे आणि पलीकडून येणारे दगड अडवायला परसावर जाळीचे पिंजरे बसवले आहेत. आत कपडे वाळत घातलेले. शांतताकरार १९९८ चा, आणि पिंजरे अजून शाबूत. २०१३ मध्ये इथल्या सरकारने या सगळ्या भिंती २०२३ पर्यंत पाडायचं जाहीर केलं होतं. कुपर वेवरची भिंत आजही तीन मजली इमारतीएवढी आहे आणि पर्यटक मार्करने तिच्यावर नावं लिहितात. आम्हालाही मार्कर देऊ केला गेला. दादांनी हात मागे घेतला.

पलीकडे गेल्यावर चित्रं बदलली. राणी, पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत पडलेले अल्स्टरचे सैनिक. दुसऱ्या वाटाड्याला दादांनी विचारलं, तुमच्याकडे फिल्मवाले यायचे का? तो म्हणाला, यायचे, जुलैमध्ये, ढोल-ताशांची मिरवणूक घ्यायला. एरवी सगळे तिकडे.

यावर दादा दुपारी जेवताना सुटलेच. “अगं, दंगलीत कॅमेऱ्याला सुरक्षित जागा एकच असते, पोलिसांच्या मागे. तिथून काय दिसतं? पोलिसांच्या पाठी आणि दगड मारणाऱ्या पोरांचे चेहरे. पोरांच्या मागे जाऊन उभा राहिलास तर पोलिसांचे चेहरे दिसतील. घटना तीच असते, पण माणूस कुणाला घाबरेल ते तुझ्या जागेवर ठरतं. आणि जागा एकच, म्हणून सगळ्या चॅनेलची फिल्म एकसारखी.” एडिटरच्या टेबलावर पोचेपर्यंत हा निर्णय झालेला असतो, हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

दुपारनंतर मिलटाउन दफनभूमी. फॉल्स रोडवर, खाली मोटरवे. मार्च १९८८ मध्ये एकामागून एक जे घडलं, ते समजल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. ६ मार्चला जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश कमांडोंनी आयआरएच्या तिघांना गोळ्या घातल्या. तिघंही निःशस्त्र होते. १६ मार्चला त्यांच्या अंत्यविधीत, इथेच, मायकेल स्टोन या लॉयलिस्टने हातबॉम्ब आणि पिस्तूल घेऊन हल्ला केला. तिघं मेले, साठहून अधिक जखमी. थडग्यांच्या दगडांआड लपणारी माणसं, मोटरवेकडे पळणारा हल्लेखोर, हे सगळं बातम्यांच्या कॅमेऱ्यांत आलं. १९ मार्चला त्या तिघांपैकी एकाची अंत्ययात्रा निघाली असताना साध्या वेशातल्या दोन ब्रिटिश सैनिकांची गाडी त्यात शिरली. जमावाला वाटलं, पुन्हा तसाच हल्ला. दोघांना गाडीतून ओढून काढून ठार केलं. वरून लष्कराचं हेलिकॉप्टर चित्रण करत होतं, खाली टीव्हीवाले.

पुढचा भाग आमच्या धंद्याचा. पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्यांखाली बीबीसी आणि आयटीएन या टीव्ही-वृत्तसंस्थेकडून फुटेज घेतलं. दोन सैनिकांचा खून झाला, तर पोलिसांनी पुरावा गोळा करू नये का? करावा. पण दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभा राहणारा माणूस लोकांच्या नजरेत कोण असतो? पंचनाम्याला आलेला हवालदार. मी हे बोलले तर दादा म्हणाले, “माझ्याकडून दोनदा घेतलंय. तिसऱ्या वेळी मी कॅसेटच घरी ठेवून आलो होतो.” पुढे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

बुधवार : पाऊस आणि लिनन हॉल

दिवसभर पाऊस, म्हणून लिनन हॉल ग्रंथालय. १७८८ पासूनची संस्था. १९६८ मध्ये इथल्या ग्रंथपालांच्या हाती शहरातल्या एका पबमध्ये नागरी हक्क चळवळीचं पत्रक पडलं आणि त्यांनी ते फेकून न देता ठेवलं. तिथून इथला राजकीय संग्रह सुरू झाला. आता त्यात पत्रकं, पोस्टर, बिल्ले, तुरुंगातून आलेली पत्रं असं लाखोंनी साहित्य आहे, सगळ्या बाजूंचं. संघर्ष चालू असताना, कुणाचंही मत न विचारता, कचरा वाटेल असं सगळं जपून ठेवणं याला फार वेगळ्या प्रकारचं धाडस लागतं.

मी तिथे बसून आवाजबंदीबद्दलचं काढलं. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गृहमंत्री डग्लस हर्ड यांनी फर्मान काढलं, की शिन फेन हा रिपब्लिकन पक्ष, आयआरए, यूडीए अशा अकरा संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज रेडिओ-टीव्हीवर ऐकवायचा नाही. चेहरा चालेल, शब्द चालतील, आवाज नाही. मग फिल्मवाल्यांनी काय केलं? नटांना बोलावलं. शिन फेनचा नेता जेरी अॅडम्स पडद्यावर ओठ हलवतोय आणि आवाज नटाचा. स्टीफन रीआसारख्या नामांकित नटाने हे काम केलं. निवडणुकीच्या प्रचारकाळात बंदी शिथिल, म्हणजे तोच माणूस एका महिन्यात स्वतःच्या आवाजात आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या. हे सहा वर्षं चाललं, सप्टेंबर १९९४ पर्यंत. एडिटर म्हणून मला हसू आणि संताप दोन्ही आलं. ओठांशी आवाज जुळवण्यासाठी एकेका मुलाखतीमागे किती रात्री गेल्या असतील! आणि स्टुडिओत नीट घेतलेला नटाचा आवाज मूळ माणसापेक्षा स्पष्ट ऐकू येणार, हे सरकारात कुणाच्या लक्षात आलं नाही.

थेट फिल्म रोखण्याचेही प्रयत्न झाले. १९८५ मध्ये बीबीसीने डेरीतल्या दोन नेत्यांवर माहितीपट केला, रिपब्लिकन मार्टिन मॅकगिनेस आणि युनियनिस्ट ग्रेगरी कॅम्बेल. गृहमंत्र्यांनी पत्र लिहिलं, नियामक मंडळाने फिल्म मागे घेतली, आणि पत्रकारांनी एक दिवसाचा संप केला. काही किरकोळ बदलांनंतर ती त्याच वर्षी दाखवली गेली. सरकारला खुपलं ते हे, की दोघंही घरात बायकामुलांसोबत चारचौघांसारखे दिसत होते. जिब्राल्टरच्या गोळीबारावर थेम्स टेलिव्हिजनने साक्षीदार शोधून कार्यक्रम केला, तेव्हा परराष्ट्रमंत्र्यांनी तो पुढे ढकलायला सांगितलं. नियामक संस्थेने ऐकलं नाही. २८ एप्रिल १९८८ ला तो लागला. नंतरच्या स्वतंत्र चौकशीनेही कार्यक्रम बऱ्याच अंशी उचलूनच धरला. १९९१ मध्ये थेम्सचा प्रक्षेपण-परवाना गेला. त्याचा या कार्यक्रमाशी संबंध होता असं मानणारे बरेच आहेत. परवान्याचा लिलाव होता, एवढं मी सांगू शकते.

गुरुवार : डेरी

बेलफास्ट-डेरी रेल्वे शेवटच्या टप्प्यात समुद्राला इतकी चिकटून जाते की खिडकीत पाणीच दिसतं. बोगदे, पांढरी वाळू, पुन्हा बोगदे. दादांनी फोनवर शूट केलं आणि लगेच डिलीट केलं. “पोस्टकार्ड,” म्हणाले.

स्टेशन फॉइल नदीच्या पूर्वेला, वॉटरसाइडला. सगळे पर्यटक तिथून शांतिपुलावरून गावात जातात. आम्ही आधी ड्यूक स्ट्रीटला गेलो. बघण्यासारखं काही नाही, गाड्यांचा रुंद रस्ता आहे. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी इथे नागरी हक्कांचा मोर्चा निघाला होता. मागण्या घरांच्या, मतदानाच्या, नोकऱ्यांच्या. पोलिसांनी दोन्ही बाजूंनी कोंडून लाठ्या चालवल्या. आयरिश टीव्हीचा कॅमेरामन गे ओब्रायन आणि ध्वनिमुद्रक इमॉन हेज तिथे होते. ओब्रायनचं फुटेज दाखवलं गेलं आणि घराघरात लोकांनी लाठी खाली येताना पाहिली. संघर्षाची सुरुवात अनेकजण याच दिवसापासून धरतात. दादा रस्त्याच्या कडेला उभे राहून अंदाज घेत होते, कॅमेरा कुठे असेल. “हा पोलिसांच्या मागे नव्हता,” एवढंच म्हणाले.

पूल ओलांडून, सतराव्या शतकातल्या तटावरून चालत, खाली बॉगसाइडमध्ये. तटावरून खालची वस्ती तळहातावर असल्यासारखी दिसते. वर तोफा, खाली घरं. शहराची सगळी राजकीय रचना त्या एका उतारावर आहे. ‘फ्री डेरी’ची, म्हणजे एके काळी पोलिसांना मज्जाव केलेल्या या वस्तीची, पांढरी भिंत, रॉसव्हिल स्ट्रीटवरची घरांच्या उंचीची भित्तिचित्रं. १४ वर्षांच्या एका मुलीचं चित्र आहे, १९७१ मध्ये गोळी लागून मेलेली. चित्रातली बंदूक पुढे शांतता आल्यावर मोडलेली रंगवली गेली.

फ्री डेरी संग्रहालयाची दर्शनी बाजू लांबून गंजलेल्या पत्र्याची उंचसखल रांग वाटते. जवळ गेल्यावर मी ओळखलं आणि हसले. आवाजाचा आलेख! एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर जो बघते, तोच. नागरी हक्क मोर्चात लोकांनी म्हटलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा आलेख भिंतीवर कोरून बसवला आहे.

३० जानेवारी १९७२. विनाखटला स्थानबद्धतेविरुद्धच्या मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने गोळ्या चालवल्या. १३ जण त्या दिवशी गेले, चौदावा काही महिन्यांनी. जगाला आठवतं ते दृश्य म्हणजे फादर एडवर्ड डेली रक्ताळलेला रुमाल हलवत पुढे वाट काढताहेत आणि त्यांच्या मागे काही माणसं १७ वर्षांच्या जॅकी डडीला उचलून नेताहेत. आत मारल्या गेलेल्यांपैकी एकाचा कोट काचेमागे आहे. मी बराच वेळ पाठीवरच्या भोकांपाशी होते. कडा आत वळलेल्या, आणि शिवण मात्र शाबूत, खांद्याजवळ कुणीतरी घरी घातलेले टाके असावेत असे वाटत होते. संग्रहालयात काम करणाऱ्यांत मृतांचे नातेवाईक आहेत. ते माहिती सांगतात, तेव्हा ‘बळी’ म्हणत नाहीत, नाव घेतात.

एक गोष्ट मला तिथे खटकली आणि ती बरी खटकली. हे सगळं फुटेज १९७२ मध्येही होतं. तरीही न्यायमूर्ती विजरी यांनी अकरा आठवड्यांत अहवाल देऊन सैनिकांना जवळजवळ मोकळं केलं. ‘कॅमेरा खोटं बोलत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो खोटं बोलत नसेल, पण त्याच्याकडे बघणारा आधीच ठरवून बसलेला असू शकतो.

शुक्रवार : गिल्डहॉल

दुसरी चौकशी १९९८ मध्ये नेमली गेली, लॉर्ड सॅव्हिल यांची. गिल्डहॉलमध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या. रॉसव्हिल स्ट्रीटच्या ज्या इमारतींपाशी माणसं मेली, त्या तोवर पाडल्या गेल्या होत्या. म्हणून १९७२ चं बॉगसाइड संगणकावर पुन्हा उभं केलं, साक्षीदाराने पडद्यावर फिरून ‘मी इथे होतो’ म्हणून दाखवायचं. जुने फोटो, चित्रफिती, सगळं पुन्हा बाहेर आलं. कुणी कपाटात ठेवलं होतं, म्हणून आलं. १५ जून २०१० रोजी अहवाल आला. कुटुंबीयांनी आतून खिडकीतून अंगठे वर करून दाखवले आणि बाहेर चौकातल्या गर्दीला कळलं. मग मोठ्या पडद्यावर पंतप्रधान कॅमेरून यांची माफी.

डेरीच्या चित्रपट दिग्दर्शक मार्गो हार्किन या तरुणपणी त्या दिवशी तिथे होत्या. सॅव्हिल चौकशीच्या वर्षांत त्यांनी कुटुंबांसोबत राहून चित्रण केलं. त्यांच्या कारकिर्दीची मुळं १९८४ मध्ये स्थापन झालेल्या डेरी फिल्म अँड व्हिडिओ वर्कशॉपमध्ये आहेत. ब्रिटनच्या चॅनेल फोर या टीव्ही वाहिनीने तेव्हा अशा गटांना फिल्मगणिक पैसे न देता सलग निधी द्यायची पद्धत ठेवली होती. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फिल्मगणिक पैसे घेणारा विमानाने येतो, धूर असेल तिथे जातो, परततो. पगार असणारा गावात राहू शकतो, आणि लोकही आज नाही तर पुढच्या वर्षी बोलू लागतात. याच गटातल्या अॅन क्रिली यांनी आयरिश स्त्रिया आणि राष्ट्रवाद यांवर फिल्म केली. तीत मुलाखत दिलेली एक बाई मार्च १९८८ मध्ये जिब्राल्टरला मारल्या गेलेल्या तिघांत होती. मग आवाजबंदी आली आणि फिल्म अडकली. १९९१ मध्ये काटछाट होऊन दाखवली गेली.

१९७२ च्या त्या गोळीबाराच्या खटल्याचं सांगायला हवं. ‘सोल्जर एफ’ या नावाने ओळखला गेलेला माजी सैनिक ऑक्टोबर २०२५ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयात निर्दोष सुटला. मुख्य आधार होता तो इतर सैनिकांच्या १९७२ मधल्या जबान्यांचा, आणि तो न्यायाधीशांना पुरेसा वाटला नाही. संध्याकाळी चौकात बसलेल्या एका आजोबांशी दादांचं बोलणं झालं. ते म्हणाले, माफी मिळाली, शिक्षा नाही मिळाली, आणि मग हवामानाबद्दल बोलायला लागले.

शनिवार : लॉकिनआयलंड

बेलफास्टला परत येऊन गाडीने दक्षिणेला पाऊण-एक तास. हिरव्या टेकड्या, तळं, तळ्यातल्या बेटावर चर्चचे भग्नावशेष. १८ जून १९९४ च्या रात्री इथल्या छोट्या पबमध्ये लोक फुटबॉल विश्वचषकाचा आयर्लंड-इटली सामना बघत होते. लॉयलिस्ट यूव्हीएफचे बंदूकधारी आत आले. सहा जण मेले, त्यांत एक ८७ वर्षांचे. आजवर कुणालाही शिक्षा नाही. २०१६ मध्ये पोलीस लोकपालांच्या अहवालाने पोलिसांचं आणि मारेकऱ्यांचं संगनमत असल्याचं म्हटलं.

२०१७ मध्ये या हत्याकांडावर माहितीपट आला, संशयितांची नावं घेऊन. ३१ ऑगस्ट २०१८ च्या सकाळी पोलीस त्या फिल्मशी जोडलेले दोन पत्रकार, ट्रेव्हर बर्नी आणि बॅरी मॅककॅफ्री, यांच्या दारात. आरोप गोपनीय कागद चोरल्याचा. संगणक, फोन, कागद, सगळं उचलून नेलं. सहा खुनांसाठी कुणी आत नाही, आणि फिल्म करणारे आत! २०१९ मध्ये न्यायालयाने झडतीचे आदेशच बेकायदा ठरवले, सामान परत करावं लागलं, आणि पोलिसांना नुकसानभरपाईपोटी पावणेनऊ लाख पौंड मोजावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने त्या दोघांवर ठेवलेली पोलिसी पाळतही बेकायदा होती, असं सांगितलं.

तळ्याकाठी दादांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, डेरीत फुटेज बाहेर आलं म्हणून न्याय निदान दाराशी तरी आला, मग मिलटाउनला दिलं तर काय बिघडलं? माझं म्हणणं, डेरीत मागणारे मेलेल्यांचे भाऊ होते आणि इथे मागणारे ते, ज्यांच्यावरच आरोप आहे. “आणि मिलटाउनला?” त्यांनी विचारलं. तिथे दोन सैनिकांनाही भाऊ असतील. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. पण मुलाखत देणारा माणूस कॅमेऱ्याशी बोलतो तेव्हा पोलिसांशी बोलत नसतो, एवढं मी धरून आहे.

रात्री हॉटेलवर सध्या करत असलेल्या फिल्मचा करार उघडला. रशेसची मालकी निर्मात्याकडे, एवढंच एक वाक्य. तिथूनच त्याला मेल टाकली: कच्चं फुटेज मुलाखत देणाऱ्याला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही, न्यायालयाचा आदेश आला तर आधी वकील, मग हार्ड डिस्क, आणि एक प्रत ऑफिसबाहेर ठेवायची, तिचा खर्च बजेटमध्ये धरायचा. दादांनी चष्मा लावून ती वाचली.

“निर्माता पळून जाईल गं.”

“जाऊ दे की दादा. दुसरा शोधू.”

“तिसरा मुद्दा पहिला घे,” म्हणाले. “पैशाचं आधी लिहावं.”